एका अर्जात सगळी खाती : निधनानंतरच्या सूचना-सेवेचा नऊ महिन्यांचा अनुभव

माझी थोरली मावशी एकटी राहत होती. ती गेल्यावर तिच्या मृत्युपत्राप्रमाणे घराची व्यवस्था पाहण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, आणि घराचा ताबा नव्या मालकाकडे जाईपर्यंतचे नऊ महिने वीज, पाणी, गॅस, इंटरनेट आणि फोन यांची बिले मी सांभाळली. पहिल्याच आठवड्यात मी त्यासाठी एका सशुल्क सेवेची मदत घेतली. संकेतस्थळावर एकच अर्ज भरायचा, मृत्यूचा दाखला एकदाच जोडायचा आणि पुढे सर्व कंपन्यांना निधनाची सूचना ही सेवा आपल्या वतीने देणार, असे तिचे स्वरूप आहे. परीक्षण या सेवेचेच आहे; परंतु तिने पाठवलेल्या सूचनांचे प्रत्येक ठिकाणी पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय तिचा खरा उपयोग किती आणि धोका किती, ते समजणार नाही.

सेवेचा चांगला भाग आधी सांगते, कारण तो खरोखर चांगला आहे. आपले माणूस गेल्यानंतरच्या दिवसांत ‘त्या आता नाहीत’ हे वाक्य पाच वेगवेगळ्या अनोळखी माणसांना फोनवर सांगणे किती जड जाते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. या अर्जाने ते मला टाळता आले. अर्ज साध्या भाषेत होता, अर्धवट भरून ठेवता येत होता, आणि कोणत्या कंपनीला सूचना कधी पोहोचली याची नोंद मला दिसत होती. मृत्यूच्या दाखल्याची प्रत पुन्हा कोणी मागितली नाही. एवढ्यावर थांबायचे असते तर मी या सेवेला पूर्ण गुण दिले असते.

अडचण अर्जातल्या एका रकान्यात होती. प्रत्येक खात्यासमोर ‘निधनाची सूचना देऊन खाते बंद करावे’ एवढा एकच पर्याय होता. घरात आता कोणी राहते का, घर विकायचे आहे की भाड्याने द्यायचे आहे, तोवर वीज-पाणी चालू ठेवायचे आहे का, यांपैकी एकही प्रश्न अर्जात नव्हता. खातेदार गेला म्हणजे खात्याची गरज संपली, असे त्या अर्जाने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात माणूस गेल्यानंतरही घराच्या गरजा उरतातच. सामान आवरायला येणाऱ्यांना दिवे लागतात, साफसफाईला पाणी लागते, घर पाहायला येणाऱ्यांना ते अंधारात दाखवता येत नाही. शिवाय अनेक गृहविमा पॉलिसींमध्ये घर सलग ३० किंवा ६० दिवस निर्मनुष्य राहिल्यास संरक्षण कमी होते किंवा काही अटी लागू होतात, त्यामुळे विमा कंपनीला कळवणे आणि घराची नियमित पाहणी करणे हेही याच कामाचा भाग ठरते. ते दुःखाचे आणि घाईचे दिवस होते. मी तो एकमेव पर्याय सर्व खात्यांसमोर निवडला आणि अर्ज पाठवून दिला.

वीज कंपनीने माझी चूक वेळीच सावरली, आणि याचे श्रेय सूचना-सेवेचे नसून त्या कंपनीच्या निधन-प्रकरणे पाहणाऱ्या स्वतंत्र विभागाचे आहे. सूचना मिळाल्यावर तिथल्या बाईंनी पुरवठा तोडण्याआधी मला फोन केला. त्यांनी आधी सांत्वनाचे दोन शब्द बोलून मग तीन प्रश्न विचारले : निधनाची तारीख कोणती, घर रिकामे आहे की कोणी राहते आहे, आणि मीटरचे रीडिंग कोणी घेतले आहे का. निधन १७ तारखेला झाले होते आणि रीडिंगचा फोटो मी २१ तारखेला काढला होता. त्या रीडिंगपर्यंतचे अंतिम बिल मावशीच्या नावाने निघाले, आणि त्यानंतरचे खाते तिच्या मागे राहिलेल्या मालमत्तेच्या नावाने सुरू झाले. माझे नाव आणि पत्ता केवळ पत्रव्यवहारासाठी नोंदवला गेला.

हा फरक किरकोळ वाटेल, पण नाही. निधनापूर्वीची थकबाकी ही मृत व्यक्तीच्या मालमत्तेतून चुकती करायची असते. केवळ जवळचे नातेवाईक आहोत म्हणून ती आपल्या खिशातून भरावी लागते, असा तिचा अर्थ सहसा होत नाही. वारसांची जबाबदारी नेमकी किती, हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर आणि वारसा कसा स्वीकारला यावर ठरते. परंतु फोनवरच्या माणसाने ‘सोयीसाठी खाते तुमच्याच नावावर करून टाकू का’ असे विचारले आणि आपण घाईत होकार दिला, तर त्या दिवसापासून आपण स्वतः ग्राहक होतो आणि पुढच्या बिलांची मागणी थेट आपल्याकडे येते. हा प्रश्न मला इतर दोन ठिकाणी विचारला गेला. वीज कंपनीच्या बाईंनी तो विचारला नाही, उलट तसे करू नका असा सल्ला दिला, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

रिकाम्या घरात वीज किती जाते याचाही अंदाज आला. पहिल्या पंधरवड्यात घरात कोणी नसताना मीटर २६ युनिटांनी पुढे गेले होते. फ्रिज चालू होता, गीझरचा लाल दिवा जळत होता, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि इंटरनेटचा राउटर जागेच होते. दहा वॉटचा राउटर महिनाभर अखंड चालला तर ७.२ युनिटे खातो, आणि अशी लहान उपकरणे घरात चार-पाच तरी असतात. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडे ठेवून बंद केला. बाकीची बटणे एकेक करून बंद केली. मेन स्विच मात्र मी बंद केला नाही, कारण दाराजवळचा दिवा आणि धोक्याची घंटा त्याच जोडणीवर होती. त्यानंतर बिलात मुख्यतः स्थिर आकारच उरला. वापर शून्य असला तरी जोडणी जिवंत ठेवण्याचा हा आकार द्यावाच लागतो, आणि घर कधी विकले जाईल हे ठाऊक नसताना तो देणे मला योग्य वाटले. जोडणी तोडून पुन्हा घेण्यात शुल्क, अर्ज आणि तपासणी हे सगळे नव्याने करावे लागले असते.

पाण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त त्रास झाला. पाणीपुरवठा करणाऱ्या यंत्रणेने सूचना-सेवेचा अर्ज स्वीकारला, मावशीचे नाव काढले आणि खाते ‘रहिवासी’ अशा निनावी शीर्षकाखाली टाकले. पुढची बिले त्याच रिकाम्या घराच्या टपालपेटीत पडत राहिली. मला ती दोन महिन्यांनी सापडली, तोवर त्यांवर विलंब आकार लागला होता. मीटर आतल्या अंगणात असल्याने रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाने दोनदा ‘दार बंद’ असा शेरा मारला होता, आणि त्यामुळे बिल मागच्या वर्षीच्या सरासरीवरून काढले गेले होते. मावशी दिवसाला सुमारे १५० लिटर पाणी वापरत असे. ६० दिवसांचे ९ घनमीटर होतात, आणि तेवढ्याचेच बिल ती नसतानाच्या दोन महिन्यांसाठी आले. तिच्या रोजच्या वापराचा तो आकडा कागदावर तसाच पाहून मला तिथेच काही वेळ बसावे लागले.

सरासरीवर काढलेले बिल दुरुस्त करून घेण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे आकडे स्पष्ट दिसतील असा मीटरचा तारखेसह फोटो. फोटोत मीटरचा क्रमांकही आला पाहिजे, नाहीतर तो कोणत्या मीटरचा हा नवा वाद सुरू होतो. अनेक पाण्याच्या मीटरांवर काळे आकडे घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे त्याचे अंश. कळवताना लाल आकडेही काळ्यांना जोडून लिहिले तर वापर कित्येक पटींनी फुगतो. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिन्ही मीटरांचे फोटो काढून ठेवू लागले आणि पुढच्या प्रत्येक वादात तेच कामी आले.

त्या फोटोंमुळेच गळतीही सापडली. घर बंद असताना आकडा पुढे सरकत होता. एका रात्री आठ वाजता सर्व नळ बंद असल्याची खात्री करून रीडिंग घेतले आणि सकाळी सहाला पुन्हा पाहिले, तर १२ लिटरांचा फरक पडला होता. तासाला १.२ लिटर म्हणजे दिवसाला २८.८ लिटर, म्हणजे महिन्याला ८६४ लिटर. शौचालयाच्या टाकीत थोडा रंग टाकून ठेवला, तेव्हा कोणी साखळी न ओढताही तो भांड्यात उतरला. टाकीतले रबर झिजले होते. रबर बदलले आणि तेव्हापासून घरातून निघताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करण्याचा नियम केला. गळती भिंतीत असती तर बिलापेक्षा घराचे नुकसान कितीतरी मोठे झाले असते. थंड प्रदेशात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि नळ फुटतात. तिथे व्हॉल्व्ह बंद करून नळांतले पाणी काढून टाकावे किंवा घर मंद उबेवर ठेवावे लागते, आणि मग गॅसचे किंवा विजेचे खाते बंद करण्याचा विचारच सोडावा लागतो. उलट, पाणी महिनोन्महिने नळांत साचून राहणेही बरे नाही. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो, आणि मोरीच्या वळणदार नळीतले पाणी सुकले की गटाराचा वास थेट घरात येतो. म्हणून पाहणीच्या दिवशी मी व्हॉल्व्ह उघडून सर्व नळ काही मिनिटे वाहू देत असे.

गॅसबद्दल फार सांगण्यासारखे नाही. त्यांनी सूचनेप्रमाणे पुरवठा बंद केला, अंतिम रीडिंग घेतले आणि अनामत रक्कम मालमत्तेच्या बँक खात्यात परत केली. घरात गॅसवर चालणारी एकच शेगडी होती, त्यामुळे मलाही हेच हवे होते.

इंटरनेट आणि फोन यांच्या बाबतीत मात्र सूचना-सेवेच्या घाईने मला जवळजवळ अडकवले. मावशीची वीज आणि पाण्याची बिले तिच्या ईमेलवर येत होती, आणि त्या ईमेलचा तसेच बँकेचा ओटीपी तिच्या मोबाइलवर येत होता. मोबाइल क्रमांक बंद करण्याची सूचना पोहोचताच कंपनीने तो दुसऱ्याच दिवशी बंद केला. कोणकोणत्या कंपन्यांची बिले तिच्याकडे येत होती हे शोधण्याचा सर्वांत सोपा धागा त्यामुळे तुटला, आणि मला तिच्या कपाटातल्या जुन्या पावत्या व बँकेचे खातेउतारे चाळून यादी तयार करावी लागली. खातेउतारा मात्र खरोखर उपयोगी पडतो. बारा महिन्यांचा उतारा ओळीने वाचला की वर्षातून एकदाच भरायची देणीही दिसतात. तसेच, बँकेला निधन कळवले की खाते गोठवले जाते आणि त्यावरचे ऑटो डेबिट थांबते. पुढची बिले आपोआप भरली जात आहेत असे समजून बसलो तर थकबाकी नकळत वाढत जाते. म्हणून बिले देणाऱ्या कंपन्यांना आधी, बँकेला त्यानंतर आणि मोबाइल कंपनीला सर्वांत शेवटी कळवावे, असे आता माझे ठाम मत झाले आहे. अर्थात बँकेला कळवणे फार लांबवता येत नाही, आणि मृत व्यक्तीच्या खात्यातून आपण स्वतः पैसे काढणे किंवा तिच्या पासवर्डने व्यवहार करणे तर मुळीच योग्य नाही.

सूचना-सेवेने पहिल्या महिन्याच्या अखेरीस मला ‘आपले काम पूर्ण झाले’ असा संदेश पाठवला. त्या दिवशी पाण्याचे चुकीचे बिल टपालपेटीत पडून होते. मी त्यांना सविस्तर लिहिले की प्रत्येक खात्यासमोर ‘बंद करा’, ‘मालमत्तेच्या नावाने चालू ठेवा’ आणि ‘आधी मला फोन करा’ असे तीन पर्याय द्यावेत, आणि पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा विचारावा. त्यांचे उत्तर सभ्य होते, परंतु अर्ज मी नवव्या महिन्यात पुन्हा उघडून पाहिला तेव्हाही रकाना तसाच होता. ज्यांचे माणूस भाड्याच्या घरात राहत होते आणि घर लगेच सोडायचे आहे, त्यांना मी ही सेवा निःसंकोच सुचवेन. ज्यांच्या हाती स्वतःच्या मालकीचे रिकामे घर उरले आहे, त्यांनी गॅससारखी खरोखर बंद करायची खातीच या अर्जातून कळवावीत. वीज आणि पाणी यांच्यासाठी स्वतः फोन करावा, संभाषणाची तारीख आणि बोलणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे, आणि जे ठरले ते लेखी मागून घ्यावे.

वीज आणि पाणी ही दोन खाती मी ताबा देण्याच्या दिवसापर्यंत चालू ठेवली. त्या संध्याकाळी नवे मालक आणि मी दोघांनी मिळून दोन्ही मीटरांचे आकडे वाचले, एकाच कागदावर लिहिले, खाली दोघांनी सह्या केल्या, आणि कागदाचा फोटो त्याच वेळी दोन्हीकडे पाठवला. विजेचे अंतिम बिल बारा दिवसांनी आले आणि ते त्या आकड्याशी तंतोतंत जुळत होते.