खाडीचा गाळ तपासायचाय: थेट काम द्यावं की आधी एकत्र बसावं?

ठाणे खाडीतला गाळ तपासायला थेट प्रयोगशाळेला काम द्यावं, की मच्छीमार, प्राध्यापक, महापालिका यांना बसवून आधी आराखडा करावा, असं ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातल्या एका दादांनी विचारलंय.

वेळ बघितला तर थेट काम सरस. एकत्र आखणीत बैठकांतच आठवडे जातात.

खर्चाचं गणित मात्र फसवं आहे. शिसं, पारा बारीक चिखलाला धरून राहतात, रेतीत कमी सापडतात. गाळाच्या कणांचा आकार आणि सेंद्रिय कार्बनही मोजायचा, हे आधी ठरलं नाही तर दोन ठिकाणांची तुलनाच करता येत नाही. मग पुन्हा नमुने, पुन्हा पैसे. शिवाय वरचा थर उचलला तर अलीकडचीच घाण कळते. जुन्या कारखान्यांचा हिशेब हवा असेल तर नळी खोल खुपसून थरांसकट गाळ काढावा लागतो. नेमकं काय शोधतोय, हे आधी बसल्याशिवाय ठरत नाही.

जागा निवडताना तर एकत्र आखणीला तोड नाही. निवट्या (चिखलातले मासे) कुठे मिळेनाशा झाल्या, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी कुठे साचून राहतं, हे होडीवाल्यालाच ठाऊक.

नुकतंच काही सांडलं असेल किंवा एकाच नाल्याबद्दल शंका असेल, तर थेट तपासणी करा, थांबू नका. पण २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालेल्या या खाडीत गाळ उपसायचा की नाही, हे अहवालावर ठरणार असेल, तर आधी एकत्रच बसा. नमुन्याची जागा सगळ्यांनी मिळून ठरवली असेल, तर नंतर आकडे उडवून लावणं कुणालाही जड जातं.