बेळगाव ते पुणे बिऱ्हाड: पॅकर्स, पूर्ण गाडी की पार्ट लोड?

बेळगावातून पुण्याला घर हलवायचं तर तीन तऱ्हेच्या सेवा मिळतात. एक, सगळं बांधून, उचलून, पोचवून देणारी पॅकर्स कंपनी. दुसरी, गावातली पूर्ण गाडी: आयशर किंवा टाटा ४०७ हा मध्यम ट्रक भाड्याने घ्यायचा, सामान घरच्यांनी बांधायचं, चढवायला-उतरवायला हमाल. तिसरी पार्ट लोड, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाडीत दुसऱ्यांच्या मालाबरोबर आपले खोके. दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर एवढ्या संसारासाठी दुसरी सेवा सगळ्यात चांगली, पण एका दुरुस्तीसह: सहा-सात नाजूक वस्तूंचं पॅकिंग पैसे देऊन जाणकाराकडूनच करून घ्यावं. कपडे, पुस्तकं, भांडी बांधायला परक्या माणसाची गरज नसते. तिथे वाचलेले पैसे पुण्यात पहिल्याच आठवड्यात लागतात.

पूर्ण गाडी स्वस्त पडण्याचं कारण या रस्त्यावरच्या धंद्यात आहे. बेळगाव ते पुणे अंतर साधारण ३४० किलोमीटर. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, पुणे, पिंपरी, चाकणकडे जातं आणि तिकडून कारखान्यांचा माल इकडे येतो. त्यामुळे गाडीवाल्याला दोन्ही बाजूंनी भाडं मिळायची शक्यता असते आणि रिकाम्या परतीचा पूर्ण खर्च तो एकाच गिऱ्हाइकावर टाकत नाही. म्हणून चौकशी करताना ‘पुण्याला गाडी पाहिजे’ एवढंच न म्हणता ‘रिटर्नची गाडी आहे का’ असं विचारावं. एमएच-१२ किंवा एमएच-१४ नंबरची, इथे माल उतरवून परत जाणारी गाडी बहुतेक वेळा केए-२२ च्या गाडीपेक्षा कमी भाड्यात येते. तिची अडचण एकच, तारीख पक्की नसते. एक-दोन दिवस मागेपुढे चालणार असेल तरच ती घ्यावी. आणखी एक गोष्ट, कास्टिंग वाहिलेल्या गाडीच्या हौद्यात तेल आणि लोखंडाचा कीस पडलेला असतो. गाद्या चढवण्याआधी हौदा झाडून घ्यावा, त्यावर जुनी ताडपत्री आणि तिच्यावर मोडलेल्या खोक्यांचे पुठ्ठे अंथरावेत. हे राहिलं तर गाद्यांच्या खोळींवर काळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

गाडी केवढी लागेल याचा अंदाज बहुतेक जण कमी धरतात. छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) एका खोलीच्या सामानाला ठीक. एक बेडरूमच्या घराला ४०७ किंवा १४ फुटी आयशर, दोन बेडरूमच्या घराला १४ ते १७ फुटी. गाडी लहान ठरली की सोफा उभा करून कोंबतात आणि शेवटचे चार खोके मागच्या फळीला दोरीने बांधतात. नुकसान बहुधा याच दोन ठिकाणी होतं. शहापूर, वडगाव किंवा खडक गल्लीसारख्या भागात १७ फुटी गाडी दारापर्यंत येत नाही. मग छोट्या हत्तीने मुख्य रस्त्यापर्यंत फेऱ्या माराव्या लागतात आणि तेवढी हमाली दुप्पट होते. गाडीवाल्याला आधी गल्ली दाखवून दर ठरवावा. एकूण वजन ३,००० किलोंच्या वरच्या गाडीला राज्याबाहेर जायला नॅशनल परमिट लागतं. नसेल तर राज्याच्या सीमेवर कोगनोळीला दंड होतो आणि तो शेवटी आपल्याच बिलात येतो. बेंगळूरला जाताना हा प्रश्न येत नाही.

वाटेत हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे सहा टोलनाके लागतात. भाडं बोलताना टोल धरून की वेगळा, हे कागदावर लिहून घ्यावं. हमालीही तशीच: चढवणं आणि उतरवणं दोन्ही, आणि कितव्या मजल्यापर्यंत. तोंडी ठरलेल्या भाड्याला पुण्यात पोचल्यावर ‘लिफ्ट लहान आहे, तिसरा मजला आहे’ असं शेपूट फुटतं.

आता पॅकर्स. यांचं काम बघायला नीटनेटकं असतं आणि नोकरीच्या बदलीत कंपनी बिल भरणार असेल तर हीच सेवा घ्यावी, कारण तिथे बिल आणि कागद नीट लागतात. स्वतःच्या खिशातून द्यायचं असेल तर खर्चाचे कोपरे नीट तपासावेत. पूर्ण सेवेच्या बिलावर कंपन्या सहसा १८ टक्के जीएसटी लावतात. फोनवर सांगितलेला आकडा बहुधा तो सोडून असतो. इंटरनेटवर चौकशी टाकली की दहा मिनिटांत पाच फोन येतात. त्यातले बरेच दलाल असतात. दर सांगणारा एक, माणसं पाठवणारा दुसरा, गाडी तिसऱ्याची. सामान एकदा गाडीत चढलं की रक्कम वाढते आणि वाढीव पैसे दिल्याशिवाय गाडी उघडत नाहीत, ही तक्रार देशभर ऐकू येते आणि तिचं मूळ या साखळीत आहे. त्यावर उपाय सोपे आहेत. घरी येऊन सामान बघून दर देणाऱ्यालाच काम द्यावं. जीएसटी नंबर सरकारी संकेतस्थळावर तपासावा, तिथे दिसणारं नाव आणि बिलावरचं नाव एकच हवं. आगाऊ रक्कम दहा-वीस टक्क्यांवर देऊ नये. बाकी काही चढवताना, काही उतरल्यावर. बिलात ‘ई-वे बिल चार्ज’ (जीएसटीखालच्या माल वाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचा आकार) दिसला तर तो काढायला लावावा. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही. ‘जकात’ नावाची रक्कम मागितली तर तीही देऊ नये, मुंबईची जकातसुद्धा १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर बंद झाली.

पार्ट लोड फक्त पंधरा-वीस खोक्यांपर्यंत, तेही फर्निचर नसेल तर. पूर्ण गाडीत सामानाला दोनदा हात लागतो, चढताना आणि उतरताना. पार्ट लोडमध्ये घर, इथलं गोडाऊन, मोठी गाडी, तिथलं गोडाऊन, मग लहान टेम्पो, असा पाच-सहा वेळा लागतो. शिवाय आपल्या खोक्यावर काय येईल हे आपल्या हातात नाही. कास्टिंगच्या पेट्यांखाली तीन पदरी, म्हणजे पुठ्ठ्याच्या तीन थरांचा, खोका टिकत नाही. शेवटच्या टेम्पोचं भाडं सहसा मूळ दरात धरलेलं नसतं. कॉलेजला किंवा पहिल्या नोकरीला एकटं जाणाऱ्यासाठी मात्र ही सेवा चांगली आहे. बेंगळूरकडे पाच-सहा खोके पाठवायचे तर कर्नाटक राज्य परिवहनच्या बसमधून जाणारी ‘नम्म कार्गो’ सोयीची.

पॅकिंगचं सामान: दोन बेडरूमच्या घराला चाळीस ते साठ खोके लागतात. पुस्तकं, पितळेची भांडी, पाटा-वरवंटा अशा वजनदार वस्तू लहान खोक्यात, पंधरा-वीस किलोंच्या आत. हलक्या वस्तूंना मोठा खोका. सगळीकडे पाच पदरी घ्यावेत. पावसाळ्यात तीन पदरीचा तळ ओल धरून सुटतो. खोक्यावर नंबर आणि खोलीचं नाव घालावं, आत काय आहे हे वेगळ्या वहीत लिहावं, वही स्वतःजवळ ठेवावी. लोणच्याच्या बरण्या, तेलाचे डबे आणि तूप गाडीत घालू नये, अगदीच घालायचं तर झाकणाला प्लॅस्टिक बांधून उभ्या बादलीत. वर्षाचं धान्य भरलेलं असेल तर बेळगाव बासमती आणि जोंधळा पोत्यांतून न्यायला हरकत नाही, पण पोती सगळ्यात खाली, चाकांच्या वर, दोन्ही बाजूंना सारखी वाटून ठेवावीत. देव आणि कागदपत्रं घरच्यांच्या हातात.

आता त्या सहा-सात वस्तू. फ्रिज एक दिवस आधी बंद करून पूर्ण सुकवावा, उभाच न्यावा, आणि पोचल्यावर निदान चार तास थांबून चालू करावा. आडवा नेला की कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसच्या नळ्यांत जातं. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनला ड्रम आवळून धरणारे बोल्ट मागून लावावे लागतात; नवीन घेताना काढलेले ते बोल्ट बहुतेक घरांत हरवलेले असतात, म्हणून महिनाभर आधी शोधावेत किंवा सर्व्हिसवाल्याकडून आणावेत. एसीचा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून बंद करून मगच नळ्या सोडवायच्या. हे न येणारा माणूस नळी कापतो, गॅस उडतो आणि पुण्यात पुन्हा भरायचा खर्च येतो. टीव्ही मूळ खोक्यात, उभा. इन्व्हर्टरची बॅटरी सरळ उभी, टोकांना टेप लावून, कपड्यांपासून लांब. काचेचं टेबल सोडवून काच गाद्यांच्या मध्ये उभी ठेवावी. लाकडी पलंगाचे नटबोल्ट कापडी पिशवीत घालून त्याच पलंगाच्या पायाला बांधावेत, नाहीतर पहिली रात्र गादी जमिनीवर. या कामांसाठी एसी मेकॅनिक आणि सुतार अर्धा दिवस बोलावणं पूर्ण पॅकर्स सेवेपेक्षा स्वस्त पडतं.

विम्याचा शब्द इथे फसवा आहे. गाडीवाला ‘इन्शुरन्स आहे’ म्हणतो तो गाडीचा असतो. आपल्या सामानाचा विमा म्हणजे विमा कंपनीची वेगळी पॉलिसी, तिच्यावर आपलं नाव आणि वस्तूंची किमतीसह यादी. कॅरेज बाय रोड कायदा २००७ आणि त्याच्या नियमांनुसार, जास्त किंमत आधी जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. म्हणून बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदार देतो त्या मालाच्या पावतीवर, सामानाची किंमत लिहून घ्यावी, आणि ‘ओनर्स रिस्क’ (नुकसानीची जोखीम मालकाची) असा शिक्का मारलेली बिल्टी घेऊ नये.

वाहतुकीचा खर्च हा एकूण खर्चातला लहान भाग. मोठा भाग पुण्यातल्या घरात अडकतो. समजा भाडं महिना २०,००० ठरलं. पुण्यात अनामत साधारण दोन-तीन महिन्यांची. तीन धरली तर ६०,०००. दलाली एक महिना, २०,०००. पहिलं भाडं २०,०००. म्हणजे किल्ली हातात यायच्या आधी एक लाख. करार ११ महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स, आणि महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: ११ महिन्यांचं भाडं २,२०,०००, त्यात अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं व्याज ५,५००, मिळून २,२५,५००, त्याचे जवळपास ५६४ रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट याच कामाचे कितीतरी पट सांगतो, म्हणून त्याची फी वेगळी लिहून मागावी. हा करार मराठीतही करता येतो, वाचून सही करता येते, ही बेळगावकरांना मोठी सोय. उलट इथून नेलेले कन्नडमधले दाखले तिथल्या सोसायटीच्या ऑफिसात कोणी वाचत नाही. त्यांच्या इंग्रजी प्रती आधीच काढाव्यात. सोसायटी सामान आत घ्यायचे किती पैसे घेते, लिफ्टच्या वेळा आणि रविवारी चालतं का, हे आधी विचारावं. जड वाहनांना शहरात ठरलेल्या वेळांत बंदी असते, म्हणून गाडी संध्याकाळी इथून सोडून पहाटे पोचवणं बरं.

बेंगळूरसाठी हाच हिशेब जास्त जड जातो. तिथे पूर्वी दहा महिन्यांची अनामत सर्रास होती, अजूनही पाच-सहा महिने मागतात. त्याच २०,००० च्या घराला सहा महिने धरले तर अनामतच १,२०,०००, आणि सोडताना रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत आहे.

ही कामं निघायच्या महिनाभर आधी सुरू करावीत. गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून, अनामत परत घेऊन, बदलीचा कागद घ्यावा. भरलेलं सिलिंडर सामानात घालू नये. शाळेच्या दाखल्यावर राज्याबाहेर जाताना शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते, तिला वेळ लागतो. केए-२२ ची स्कूटर महाराष्ट्रात १२ महिन्यांपर्यंत चालते. त्याहून जास्त राहायचं तर इथल्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी आणि तिकडे नव्याने नोंदणी. कर्ज असेल तर बँकेचं पत्रही लागतं. स्कूटर गाडीत चढवण्यापेक्षा रेल्वे पार्सलने पाठवणं चांगलं: टाकी पूर्ण रिकामी, आरसे काढलेले, आरसी आणि ओळखपत्राची प्रत बरोबर.

जून ते सप्टेंबरमध्ये शक्यतो हलू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्ग पाण्याखाली गेला आणि गाड्या दिवसेंदिवस अडकल्या. जाणं टळत नसेल तर दोन ताडपत्र्या, एक सामानावर आणि एक हौद्यावर. एप्रिल-मे आणि महिन्याची अखेर-पहिली तारीख सोडून मधल्या आठवड्यात गाडी मागितली तर दर कमी लागतो आणि हमालही घाई करत नाहीत.

उतरवताना वहीतले नंबर एकेक करून टिपावेत आणि फुटलेलं, ओलं, हरवलेलं जे दिसेल ते बिल्टीवर लिहून मगच सही करावी. फोटो गाडीच्या नंबरसह काढावेत. ज्या खोक्यांची मोजणी झाली नाही त्यांच्यासाठी ‘न तपासता घेतले’ असं लिहिलेलं चालतं. दावा करायचा तर माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस पोचली पाहिजे.