लोगोसाठी ‘पॉपिन्स’: बडोद्याहून एक परीक्षण

बडोद्यातील छोट्या मराठी वाचनालयांसाठी आम्ही काही जण ‘नोंद’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर तयार करीत आहोत. त्याच्या लोगोत हे नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये शेजारी शेजारी यायचे असल्यामुळे दोन्ही लिप्यांचा मेळ आधीच घातलेला फॉन्ट हवा होता, म्हणून अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा, २०१४ मध्ये आलेला ‘पॉपिन्स’ निवडला. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्याने लोगोसाठी वापरताना पैसे द्यावे लागत नाहीत.

रोमन नाव (एन-ओ-एन-डी) कॅपिटलमध्ये लिहावे की स्मॉलमध्ये, यावर मंडळींत बराच खल झाला. डेबियन ही मुक्त संगणक-प्रणाली आपले नाव लोगोत सगळे स्मॉल अक्षरांत लिहिते, तर तशाच उबुंटू या प्रणालीने अनेक वर्षे स्मॉल ठेवलेले पहिले अक्षर २०२२ मध्ये कॅपिटल केले. तेव्हा दाखले दोन्ही बाजूंना मिळतात. निकाल लागला तो फॉन्टच्या बांधणीमुळे. पॉपिन्समध्ये देवनागरी अक्षराची उंची रोमन ‘डी’ किंवा ‘एल’च्या उभ्या दांड्याएवढी ठेवलेली आहे, आणि कॅपिटल अक्षरे त्याहून थोडी ठेंगणी आहेत. परिणामी चारही अक्षरे कॅपिटल केली की ती ‘नोंद’च्या शिरोरेषेखाली किंचित दबलेली दिसतात, शिवाय एखाद्या सरकारी खात्याचे लघुरूप वाचल्यासारखे वाटते ते वेगळेच. फक्त पहिला ‘एन’ कॅपिटल केला, तर शेवटच्या ‘डी’शी त्याची उंची जुळत नाही. सगळे स्मॉल ठेवले की ‘डी’चा दांडा थेट शिरोरेषेच्या पातळीला जाऊन भिडतो आणि दोन्ही शब्द एका ओळीत बसतात. ‘ओ’चा जवळजवळ पूर्ण गोलही स्मॉलमध्येच अधिक खुलतो.

या फॉन्टमध्ये नऊ जाड्या आहेत, पण लोगोसाठी ‘सेमीबोल्ड’ या बेताच्या जाडीच्या पुढे जाऊ नये असे माझे मत आहे, कारण ‘ब्लॅक’ या सर्वांत ठळक जाडीत ‘नों’वरील मात्रा आणि अनुस्वार यांमधली फट बुजते आणि ब्राउझरच्या टॅबवर तिथे नुसता काळा ठिपका उरतो.

खरी उणीव बडोद्यासारख्या गावी जाणवते: पॉपिन्समध्ये गुजराती लिपी नाही. येथील वाचनालयांचे निम्मे कामकाज गुजरातीत चालत असताना ही अडचण किरकोळ म्हणता येणार नाही. याच फाउंड्रीचा ‘हिंद वडोदरा’ गुजरातीसाठी उत्तम आहे, नावानेही आपलाच आहे. मात्र त्याचा घाट पॉपिन्ससारखा भौमितिक नसल्याने दोन्ही एका लोगोत ठेवले की गुजराती शब्द उसना आणल्यासारखा दिसतो. त्यामुळे लोगो मराठी-रोमन पॉपिन्समध्येच ठेवला असून, सॉफ्टवेअरच्या आतील मजकूर देवनागरीसाठी ‘हिंद’ आणि गुजरातीसाठी ‘हिंद वडोदरा’ या जोडीत लावला आहे. तिन्ही लिप्या लोगोतच हव्या असतील, त्यांनी पॉपिन्सच्या वाटेला न जाता सुरुवातीपासून हीच जोडी घ्यावी.