घासून ‘नवा’ केलेला मेमरी आयसी

जुन्या मशीनचे सुटे भाग फोनवरून ठरवून कुरिअरने मागवणाऱ्या सगळ्या मेकॅनिक बांधवांसाठी हे लिहितोय. कंपनीने कधीच बनवणं बंद केलेला आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, ‘एकदम नवा, सीलबंद’ म्हणून विकणारे सध्या फार झालेत. त्यांचा माल ओळखता आला नाही तर पैसे जातात, दिवस जातात, आणि गिऱ्हाइकासमोर अब्रू आपली जाते.

धुळ्यात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. शहाद्याकडचे एक काका दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत खेळांचा स्टॉल लावतात. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो तीच यात्रा. त्यांच्याकडे बॅली कंपनीचं जुनं पिनबॉल, म्हणजे लोखंडी गोळी उडवायच्या खेळाचं मशीन आहे, अलंगला तोडायला आलेल्या जहाजातून निघालेलं. यात्रा तोंडावर आली आणि मशीन बंद पडलं. काका म्हणाले, “दिवा लागतस, पन खेळ चालू व्हत नही, भाऊ.” वर्षभराच्या कमाईतला मोठा वाटा त्या यात्रेत निघतो, त्यामुळे त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

या मशीनच्या मुख्य सर्किट बोर्डाची एक फार चांगली सोय आहे. पॉवर दिली की बोर्ड स्वतःच स्वतःला तपासतो आणि एका लाल एलईडीने निकाल सांगतो. आधी नुसती लुकलुक, मग सात ठळक उघडझाप. पहिली झाली म्हणजे प्रोग्राम साठवलेले रॉम आयसी ठीक, दुसरी म्हणजे ६८१० ही रॅम, म्हणजे मशीन चालू असतानाची मेमरी ठीक, तिसरी ५१०१ या मेमरीची, चौथी-पाचवी बोर्डाला बाकी मशीनशी जोडणाऱ्या दोन पीआयए आयसींची, सहावी ५५५ टायमरच्या भागाची आणि सातवी सोलेनॉइडच्या, म्हणजे गोळी उडवणाऱ्या विजेच्या चुंबकांच्या व्होल्टेजची. जिथे थांबला, त्याच्या पुढच्या भागात दोष शोधायचा. काकांचा बोर्ड दोनवर थांबत होता, म्हणजे तिसरी होत नव्हती, दोष ५१०१ चा. मशीन बंद असतानाही क्रेडिट, सर्वाधिक स्कोअर आणि हिशोब बॅटरीवर धरून ठेवणारा हाच आयसी. बावीस पायांचा, २५६ गुणिले ४ बिटांचा.

कारणही समोर दिसत होतं. बोर्डावरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी पाझरली होती आणि आजूबाजूच्या ट्रॅकवर हिरवट पापुद्रा आला होता. व्हिनेगरने तो क्षार मारला, पाण्याने धुतलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवलं. खाल्लेले ट्रॅक वायरने जोडले. जुना आयसी काढून तिथे बेस, म्हणजे आयसी नुसता खोचायचं सॉकेट बसवलं, म्हणजे पुढे आयसीला डाख द्यायची वेळच येऊ नये. पुढे हाच बेस माझ्या कामी आला.

आता आयसी आणायचा कुठून? एका विक्रेत्याने फोटो पाठवले. चकचकीत काळं अंग, पांढरी स्वच्छ अक्षरं. एका नगाचे अठराशे रुपये. मी दोन मागवले. पैसे आधी, यूपीआयवर. बिल पाहिजे असं मी आधीच बजावलं होतं. बिल आलं ते साध्या कागदावर हाताने लिहिलेलं, त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना पत्ता.

आयसी बसवला, पॉवर दिली. लुकलुक, एक, दोन, आणि बस. दुसरा लावला, तेच.

अशा वेळी पहिला संशय आपल्याच हातावर घ्यावा लागतो, आणि घ्यायलाच हवा. मी बेसचा एकेक पाय मीटर बीपवर ठेवून थेट पुढच्या आयसीच्या पायापर्यंत तपासला. नुसतं डाखावर टोक टेकवून उपयोग नसतो. आयसी काढताना भोकाच्या आतलं तांबं उपसून येतं, मग खालून डाख सुंदर दिसतो आणि वरच्या ट्रॅकशी संबंधच राहत नाही. शेजारच्या पायांत शॉर्ट आहे का तेही बघितलं. २२ नंबरच्या पायावर सप्लाय, ८ नंबरवर ग्राउंड, दोन्ही बरोबर. सिग्नल दाखवणाऱ्या लॉजिक प्रोबवर मेमरीतल्या पत्त्यांच्या लाइनी हलत होत्या, लिहिण्याचा (राइटचा) पल्स येत होता. म्हणजे बोर्डाकडून जायला हवं ते आयसीपर्यंत जात होतं.

मग आयसी उन्हात धरून नीट बघितले. दोघांवर वरच्या बाजूला एकच तारीख-कोड, म्हणजे एकाच वर्षाचा, एकाच आठवड्याचा माल. खाली उलटून बघितलं तर एकावर एका देशाचं नाव, दुसऱ्यावर दुसऱ्याचं. पायांच्या खांद्याशी जुन्या डाखाचे बारीक गोळे. पहिला पाय दाखवणारा गोल खळगा रंगाने अर्धा बुजलेला. कापसाच्या काडीवर ॲसिटोन घेऊन वरून घासलं, तर काडी काळी झाली आणि खालून सँडपेपरचे सरळ, एकाच दिशेचे ओरखडे निघाले. इथे एक सांगतो. नुसती अक्षरं पुसट झाली तर लगेच नकली म्हणू नका, खऱ्या मालावरची शाईही कधी कधी निघते. पण अंगाचाच काळा थर सुटत असेल, तर तो आयसी कुणीतरी घासून, रंगवून, नवं नाव छापून पाठवलेला आहे.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, “तुम्ही डाख देताना जाळला असेल.” बेसचा फोटो पाठवला, तर म्हणाला, “बोर्डातच दोष आहे, बोर्ड आमच्याकडे पाठवा, चार हजार ॲडव्हान्स टाका, करून देतो.” मी बोर्ड पाठवला नाही. जळगावच्या माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने असाच एक ॲम्प्लिफायरचा बोर्ड एकाकडे पाठवला होता. तो ‘दुरुस्त होत नाही’ म्हणून परत आला तेव्हा त्यावरचे चांगले आयसी गायब होते, त्यांच्या जागी मेलेले. त्याच्याकडे आधीचा फोटोही नव्हता. मी नकार देताच माझा नंबर ब्लॉक झाला.

शेवटी नाशिकच्या एका जुन्या मेकॅनिककडे त्याच जातीचा निकामी बोर्ड निघाला. त्याच्या बेसमधला ५१०१ काढून लावला आणि सातही उघडझापी झाल्या. तोच बोर्ड, तोच बेस, तीच पॉवर. आधी विकत आलेला आयसी, मग हा, असा दोन्हींचा सलग व्हिडिओ मी काढून ठेवला. बॅटरीही बोर्डावर परत बसवली नाही. साधे तीन सेल वायर काढून लांब बसवले आणि मध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड टाकला, कारण मूळ सर्किट बॅटरी चार्ज करतं आणि साधे सेल चार्ज झाले तर फुटू शकतात.

तक्रारीचं अनेकांना माहीत नसतं म्हणून लिहितो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. धंद्यासाठी घेतलेला माल कायद्यात बसत नाही असं सांगून लोक आपल्याला परत पाठवतात. पण स्वतःच्या हाताने काम करून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला त्याच कायद्यात सूट आहे, आणि तुमच्या-माझ्यासारखे दुकानदार त्यात बसू शकतात. तक्रारीत ते वाक्य स्पष्ट लिहा. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून.

माझी तक्रार दाखल आहे. दोन्ही आयसी, पाकीट, ते बिल आणि व्हिडिओ मी जपून ठेवलेत. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या कुणाकडे असा संशयास्पद ५१०१ किंवा दुसरा कुठला जुना मेमरी आयसी आला असेल, तर तो फेकू नका आणि पुढे विकू तर मुळीच नका. दुकानात घेऊन या, शेजारी ठेवून बघू. तपासायचे पैसे मी घेणार नाही.