जुन्या घरातल्या कड्या, बिजागऱ्या, नळ स्वतः बदलले: बरेच महिने वापरल्यावर काय टिकलं, काय नाही

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. सगळ्यात जास्त समाधान दिलं ते डोळ्याला न दिसणाऱ्या सामानाने, म्हणजे कपाटाच्या आतल्या बिजागऱ्या, नळाच्या पोटातलं कार्ट्रिज (पाणी चालू-बंद करणारा सुटा भाग), फ्लशच्या टाकीतला वॉल्व्ह. आणि बसवल्या दिवशी जे बघून जीव खूश झाला होता ते मॅट काळं सामान, त्याचं कौतुक एक-दोन महिन्यांतच ओसरलं. बसवल्या बसवल्या लिहिलेले अनुभव खूप सापडतात, फोटोही झकास असतात, पण रोज ओल्या हाताने धरून, आपटून, पुसून झाल्यावर काय होतं ते फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे लांबलचक.

हँडलांपासून सुरुवात करतो कारण सगळे तिथूनच करतात. दोन स्क्रू काढा, दोन लावा, झालं असं वाटतं. पण जुन्या हँडलच्या दोन भोकांमधलं अंतर बऱ्याचदा तीन इंच म्हणजे ७६ मिमी निघतं आणि आता बाजारात जी बरी दिसतात ती ९६, १२८, १६० अशा मापात. (अंतर मोजायचं ते एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, हँडलच्या टोकापासून टोकापर्यंत नाही.) ७६ ची हँडलंही मिळतात पण शोधावी लागतात आणि निवड कमी. रंगवलेल्या दाराला प्रश्न नाही, जुनं भोक वुड पुट्टीने भरा, घासा, रंग मारा, पत्ता लागत नाही. पॉलिशच्या लाकडावर मात्र भरलेलं भोक कायम दिसतं, काहीही केलं तरी, म्हणून तिथे मी मागे पट्टी असलेली हँडलं घेतली, पट्टीखाली जुनी भोकं झाकली जातात. नवीन भोकं पाडायला लाकडाच्या एका तुकड्यावर माप घेऊन दोन भोकं पाडून ठेवली आणि तोच तुकडा प्रत्येक दारावर धरून ड्रिल मारलं, पेन्सिलने दरवेळी खूण करत बसलात तर एखादं हँडल तिरकं जाणारच आणि तेच नेमकं समोर येतं.

स्क्रूची लांबी हा भाग लोक सोडून देतात. १८ मिमीच्या दाराला २५ मिमीचा स्क्रू बरोबर बसतो. त्याहून लांब घातला तर तो हँडलच्या आत तळाला टेकतो, हँडल हलतच राहतं, आपण आवळत राहतो आणि आटे जातात. एवढं करूनही काही महिन्यांत जड ड्रॉवरची हँडलं ढिली झालीच, रोजचा ओढा असतो त्यांच्यावर. काढून निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रूचे आटे ढिले होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब लावला, त्यानंतर हललेली नाहीत. लाल थ्रेडलॉक घेऊ नका, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही.

मॅट काळ्याची तक्रार अशी की पाणी जड असेल तर प्रत्येक थेंबाचा पांढरा डाग उमटतो, दिवसातून दोनदा पुसलं तरच ते फोटोतल्यासारखं दिसतं. शिवाय काळा थर वरून दिलेला असतो, बोटातली अंगठी घासून घासून कडेला खालचा धातू दिसायला लागलाय. साधं क्रोम कंटाळवाणं वाटतं पण मला विचाराल तर पाण्याच्या जागी क्रोमच. सोनेरी हवं असेल तर पीव्हीडी कोटिंगचं (निर्वातात धातूच्या वाफेने थर दिलेलं) बघा, साध्या प्लेटिंगपेक्षा तो थर बराच कडक असतो. आणि कुठलंही असो, ॲसिडवालं क्लीनर त्याच्या आसपास फिरकू देऊ नका.

आता माझा आवडता विषय, जुनं पितळ. दरवाजांच्या बिजागऱ्या आणि कड्या रंगाच्या इतक्या थरांखाली होत्या की कुठल्या धातूच्या आहेत तेच कळत नव्हतं, नखाएवढी जागा खरवडली तर पिवळं चमकलं, चुंबक लावला तर चिकटला नाही. (लोखंडावर पितळेचा मुलामा असेल तर चुंबक लगेच पकडतो. जस्ताच्या मिश्रधातूलाही तो चिकटत नाही, पण ते वजनाला पितळेपेक्षा हलकं लागतं.) असं सामान फेकून नवीन पोकळ आणणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. पद्धत सोपी आहे: स्वयंपाकात परत कधीही वापरायचं नाही असं एक जुनं भांडं, त्यात पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, मंद आचेवर तासभर. उकळी फुटू द्यायची नाही, नुसतं वाफाळत राहू द्यायचं. चिमट्याने बाहेर काढलं की रंगाची साल अख्खीच्या अख्खी सुटून येते, बिजागरीच्या सांध्यात राहतो तो भाग जुन्या टूथब्रशने निघतो, आणि खाली ते तांबूस-पिवळं अंग, कडांवर कारागिराच्या कानशीच्या बारीक रेघा. ते बघितल्यावर मी चकचकीत पॉलिश करायचा विचारच सोडला, नुसतं पुसून मेणाचा हलका हात दिला.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, बऱ्याच देशांत त्याहून उशिरा, त्यामुळे त्या काळातल्या घराचे तळाचे थर संशयास्पदच धरायचे. कोरडं घासून धूळ उडवायची नाही, हीट गनने जाळायचं नाही, खिडकी उघडी, लहान मुलं लांब, निघालेला रंग पिशवीत बांधून टाकायचा.

रंगाने बुजलेले स्क्रू काढायला घाई करू नका. ब्लेडच्या टोकाने खाच आधी साफ करायची, खाचेच्या पूर्ण रुंदीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, त्याच्या मुठीवर हातोडीचा एक हलका ठोका, मग आधी किंचित आवळायचा आणि त्यानंतर उलटा फिरवायचा. त्या कर्र आवाजाने कळतं की सुटला. पितळी स्क्रू परत लावताना ते मऊ असतात हे लक्षात ठेवा, कडक लाकडात सरळ पिळलात तर डोकं तुटून हातात येतं. त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत घालून काढायचा, आटे पडतात, मग पितळी स्क्रूला मेण चोळून घालायचा. भोक सैल झालं असेल तर काड्यापेटीच्या गूल काढलेल्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकायच्या, वाळल्यावर कापून परत स्क्रू. ही युक्ती जुनी आहे, पण मुख्य दाराचं वजन अशा भोकावर टाकू नका. दार खाली बसून घासत असेल तर वरच्या बिजागरीतला एक स्क्रू चौकटीत खोल जाणारा, ७५ मिमीच्या आसपासचा लावून बघा, माझं एक दार तेवढ्यानेच उचललं गेलं, रंधा मारायची वेळच आली नाही.

कपाटांना सॉफ्ट क्लोज, म्हणजे दार हळूच मिटवणाऱ्या बिजागऱ्या लावल्या आणि सगळ्या खर्चात हाच पैसा सगळ्यात सार्थकी लागला असं वाटतं. दार आपटायचा आवाज घरातून गेला. पण जुन्या कपाटाला त्या बसतील का हे आधी तपासा. या बिजागरीच्या वाटीला (दारात रुतून बसणाऱ्या गोल भागाला) ३५ मिमी व्यासाचं आणि साधारण १२ मिमी खोल भोक लागतं, म्हणजे पातळ दार असेल तर विषय संपला. दुसरं म्हणजे जुन्या कपाटांची दारं बऱ्याचदा चौकटीच्या आत बसणारी असतात, त्यांना इनसेट प्रकारची, जास्त वाकाची बिजागरी लागते, चौकटीवर बसणाऱ्या दाराची घेतलीत तर दार बंदच होणार नाही. बसवल्यावर तीन बाजूंनी ॲडजस्ट करता येते हे वरदानच आहे कारण जुनी कपाटं काटकोनात नसतात. हवा दमट झाली तेव्हा लाकूड फुगून दोन दारं घासायला लागली, अर्धा फेरा स्क्रू फिरवला, झालं. जुन्या साध्या बिजागरीला असं झालं की रंधाच आणावा लागायचा.

ड्रॉवरना मात्र टेलिस्कोपिक चॅनल (बाजूला लावायच्या, एकात एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) लावायचा मोह टाळला. त्याला दोन्ही बाजूंनी सुमारे १२.५ ते १३ मिमी जागा लागते आणि लाकडी पट्ट्यांवर सरकणाऱ्या जुन्या ड्रॉवरला ती नसते, म्हणजे ड्रॉवर कापून परत बांधा. पट्ट्यांवर पांढरी मेणबत्ती घासली आणि अजून सरसर चालतायत.

नळ. इथे शांतपणे काम करावं लागतं. रबरी वायसरचा जुना नळ टपकत असेल तर आधी वायसर बदलून बघा, दहा मिनिटांचं काम आहे, नळ चांगल्या वजनाचा पितळी असेल तर बदलायची गरजच काय. बदलायचाच असेल तर भीती नवीन नळाची नसते, भिंतीतल्या जुन्या लोखंडी पाइपाची असते. आतून गंजलेला असतो, नळाला जोर लावला की आटे भिंतीतच तुटतात आणि मग टाइल फोडणं आलं. म्हणून आदल्या रात्री सांध्यावर गंज सोडवायचं तेल, आणि फिरवताना एका पान्याने मागचा भाग घट्ट धरून दुसऱ्याने नळ. तरी हलेना तर सोडून द्या आणि प्लंबरला बोलवा, एका नळाच्या बाबतीत मी तेच केलं. टेफ्लॉन टेप आट्यांकडे समोरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, नाहीतर आवळताना ती सुटून गोळा होते.

आणि हे फार कुणी सांगत नाही: नवीन नळ लावण्याआधी पाइपातून बादलीभर पाणी मोकळं सोडा. जुना पाइप हलवला की गंजाचे कण सुटतात आणि नवीन नळातल्या सिरॅमिक चकत्यांना तेच सोसत नाही, एक कण अडकला की चरा पडून ठिबकायला लागतं. पाणी सोडूनही माझा बेसिनचा नळ मध्यंतरी ठिबकू लागला, कार्ट्रिज काढलं तर चकत्यांमध्ये तांबडी कचकच, धुऊन बसवल्यावर थांबला. एरेटरची (नळाच्या तोंडाशी पाण्यात हवा मिसळणाऱ्या भागाची) जाळी तर आता दर महिन्याला उघडून झटकतो, सवयच लागलीय.

फ्लशच्या टाकीत ड्युअल फ्लशचं, म्हणजे कमी-जास्त पाण्याच्या दोन बटणांचं सामान घातलं. टाकी जुनीच, आतलं फक्त नवीन. आवाज गेला, गळती गेली. (गळतीची शंका असेल तर टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्ध्या तासाने भांड्यात बघा, रंग उतरला असेल तर सील गेलंय.) मात्र जुनं भांडं जास्त पाण्यावर चालेल असंच बनवलेलं असतं, तीन लिटरच्या छोट्या फ्लशमध्ये ते नीट साफ होत नाही, लोक दोनदा दाबतात, मग वाचलं काय? मी फ्लोट (टाकीतल्या पाण्याची पातळी ठरवणारा तरंगता भाग) थोडा वर केला आणि छोटं बटण जवळपास विसरलो.

विजेच्या बोर्डांवर मी फार बोलणार नाही. स्विचच्या प्लेटा बदलल्या, तेही मेन बंद करून, आणि टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघितला, मग काम करायच्या जागी, मग परत चालू पॉइंटवर, कारण बंद पडलेला टेस्टरही 'करंट नाही' असंच सांगतो. पण बोर्ड उघडल्यावर आत अर्थिंगची वायरच नाही असं दिसलं तिथे हात काढून घेतला. तीन पिनचं सुंदर सॉकेट लावून मागे दोनच वायरी ठेवणं म्हणजे शुद्ध फसवणूक, ते काम इलेक्ट्रिशियनचं. काही ठिकाणी तर कायद्याने स्वतः वायरिंगला हात लावता येत नाही, तेही बघून घ्या.

खिडक्यांचे आकडे आणि बोल्ट अजून तसेच आहेत. त्यावर सगळ्यात जाड रंग आहे आणि तो काढताना चौकटीचाही निघणार, म्हणून रंगकाम निघेल तेव्हाच. तोवर सळयांना थोडं पेट्रोलियम जेली लावून ठेवलंय, लागतात बऱ्यापैकी, एक सोडून.