असिस्ट डॉट ऑर्ग: ट्रान्सफरच्या दोन वर्षांत आमचा खरा आधार

लेकीने हायस्कूल झाल्यावर कॅलिफोर्नियात कुपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं (इथे पहिली दोन वर्षं करून पुढे विद्यापीठात जायचं, त्यालाच ट्रान्सफर म्हणतात), तेव्हा साताऱ्याहून आत्याबाईंचा फोन आला, "मार्क कमी पडले का गं पोरीला?" मार्क चांगले होते. डी अँझात इथल्या रहिवाशांना एका युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, 31 डॉलर पडतात आणि यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, तिसऱ्या वर्षाला जायला असे 90 क्वार्टर युनिट लागतात. हा हिशोब तिनेच आमच्यापुढे मांडला होता. धाकधूक एकाच गोष्टीची होती: इथे केलेला विषय तिथे धरतील ना?

त्याचं उत्तर असिस्टवर मिळतं. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांची आणि विद्यापीठांची ही अधिकृत साइट आहे, तीही फुकट. वर्ष, आपलं कॉलेज, जायचं ते विद्यापीठ आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडलं की पान उघडतं. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे त्याच्या जागी चालणारा आपला. जिथे जोड नाही, तिथे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. दोन विषयांच्या मधे बारीक अक्षरात 'अँड' किंवा 'ऑर' असतं. आम्ही पैसे मोजून एका खासगी सल्लागाराकडे गेलो होतो. यूसीच्या बर्कली कॅम्पससाठी कॅल्क्युलसचा एक विषय पुरे, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. घरी येऊन पान उघडलं, तर बर्कलीच्या एका विषयासमोर आमचे दोन, आणि मधे 'अँड'. बर्कली सेमिस्टरवर चालतं, डी अँझा त्याहून छोट्या क्वार्टरवर, म्हणून तिथल्या एका विषयाला इथले दोन लागत होते. लेक गप्पच झाली. दुसऱ्याच दिवशी तिने पुढच्या क्वार्टरचा वर्ग धरला. ते एक 'अँड' नजरेतून सुटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

साइट काय करत नाही, तेही सांगते. विषय जुळले म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. स्टॅनफर्डसारखी खासगी विद्यापीठं इथे सापडणार नाहीत. हमीचा प्रवेश हवा असेल तर 'टॅग' नावाचा अर्ज वेगळा भरावा लागतो. तो सप्टेंबरमध्ये, आणि यूसीच्या एकाच कॅम्पससाठी. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहाच कॅम्पस तो घेतात. बर्कली, एलए, सॅन डिएगो घेत नाहीत. लेकीने टॅग डेव्हिसचा भरला, इकॉनॉमिक्ससाठी. आज ती तिथेच शिकते आहे.

विषयांच्या जोडीचे हे करार दरवर्षी नव्याने निघतात, म्हणून आपल्या वर्षाची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ठेवा. काउन्सेलरकडे जाताना तीच छापून न्या. आमच्या प्रतीवर लेकीने झालेल्या प्रत्येक विषयापुढे हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली होती. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

माझ्याकडून पाचपैकी पाच.