लेकीचा अंगठा, रात्रीचा पट्टा आणि बूट: नऊ महिन्यांनंतर

आधीच सांगते, पायाचा कललेला अंगठा रात्रभर सरळ ओढून धरणाऱ्या पट्ट्यानं हाड सरळ झालं नाही. दुखणं मात्र थांबलं.

लेक ११ वर्षांची. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, शाळा दोन किलोमीटर, रोज पायी. गेल्या पावसाळ्यात घरी आली की बूट काढून अंगठ्याचं बूड चोळत बसायची. तिथलं हाड बाहेर आलेलं, कातडी लाल. सासूबाईंनी आपला पाय शेजारी ठेवला, तर दोन्ही अंगठे सारखेच दुसऱ्या बोटाकडे कललेले. "माहाच पाय घेतला पोरीनं," म्हणाल्या. त्याच पायांवर त्यांनी जन्मभर निंदण केलं, दुखतं म्हणून कधी बोलल्या नाहीत.

नागपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी उभं करून एक्स-रे काढला. अंगठा कलल्याचा कोन २४ अंश. १५ पर्यंत ठीक धरतात. ऑपरेशन आत्ता नको म्हणाले, वाढीच्या वयात केलं तर हाड पुन्हा कलण्याची भीती जास्त.

सप्टेंबरात पट्टा ऑनलाइन मागवला. पहिला मोठ्या माणसाचा निघाला. दुसरा लहान मापाचा, साडेचारशेला. सुरुवातीला ती मध्यरात्री काढून फेकायची. मग झोपण्याआधी तासभर, दोन तास असं करत सवय लावली. दिवाळीनंतर घरात कापूस भरला आणि त्याचे तंतू वेल्क्रोत इतके अडकले की पट्टा धरेचना. दर रविवारी सुईनं एकेक तंतू उपसत बसायचे. मे महिन्यात घामानं पुरळ आलं, तेव्हा आत जुन्या धोतराची घडी घातली. बोटांमध्ये घालायचा सिलिकॉनचा तुकडा अरुंद बुटात घालू नका, पलीकडची बोटं दबतात.

खरा फरक बुटांनी पडला. लेकीला कागदावर उभं करून पेन्सिलीनं पाऊल आखलं आणि बुटातला तळवा काढून त्यावर ठेवला. पुढच्या भागात पाऊल दोन्हीकडून बाहेर! पुढच्या वर्षी पुरावेत म्हणून लांबीला मोठे घेतले होते, रुंदी मी पाहिलीच नव्हती. फार वाईट वाटलं. तोच कागद घेऊन तालुक्याला गेले, पाचव्या दुकानात रुंद बूट मिळाले. मुलांचे आहेत, मुलींचे नाहीत, असं दुकानदार सांगत राहिला, मी घेतले. तीन आठवड्यांत लाली गेली.

जूनच्या एक्स-रेत कोन २३. एवढा फरक मोजण्यातलाही असतो, पण वाढला नाही हे चांगलं, असं डॉक्टर म्हणाले. पट्टा बंद केला तरी चालेल, असंही म्हणाले. लेकच ऐकत नाही, सकाळी पाय हलका वाटतो म्हणते. पाऊल मी दर दोन महिन्यांनी आखते. मागच्या आठवड्यात रेघ बुटाच्या कडेला टेकली होती.